व्हिसाचे शुल्क आणि विनिमयदराची गळती : परदेशी रुग्णाचा पैसा नेमका कोठे झिरपतो?

परदेशांतून पंचकर्मासाठी येणारे रुग्ण ही नाशिक परिसरातील वैद्यांना आता नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. त्र्यंबकेश्वरच्या यात्रेला आलेला कुणी अनिवासी मराठी माणूस गुडघेदुखीसाठी जानुबस्ती करून घेतो आणि परत गेल्यावर आपल्या शेजाऱ्याला, सहकाऱ्याला आपले नाव सांगतो. त्या ओळखीवर पुढे पत्र येते, प्रकृतीचा इतिहास येतो, जुने तपासणी अहवाल येतात. आपण अग्नी, बल, वय यांचा विचार करून शोधनाचा कालावधी ठरवून कळवतो. येथपर्यंतचे सारे काम आपल्या शास्त्रातले असते. त्यानंतर रुग्णाकडून जो प्रश्न येतो तो मात्र कोणत्याही संहितेत नाही. ‘भारताच्या व्हिसाचे शुल्क भरायचे आहे, कोणत्या चलनात भरू, कसे भरू, की तुम्हीच माझ्या वतीने भरता?’

या प्रश्नाला आपल्यापैकी बहुतेक जण ‘भरा कसेही’ असे उत्तर देऊन मोकळे होतात. रक्कम लहान असते, त्यामुळे ते स्वाभाविकही आहे. परंतु निवृत्तिवेतनावर जगणारा, विम्याचा आधार नसलेला आणि सर्व खर्च स्वतःच्या खिशातून करणारा रुग्ण आपल्याशी पैशाचा पहिला व्यवहार करतो तो या निमित्तानेच. त्या व्यवहारात त्याला ठेच लागली, तर पुढील चिकित्सेच्या देयकाकडेही तो संशयाने पाहतो. म्हणून हा विषय वैद्यक व्यवसायाशी असंबद्ध मानता येत नाही. शिवाय नाशिककरांना तर तो परका वाटण्याचे कारणच नाही. नाशिकरोडच्या भारत प्रतिभूती मुद्रणालयात देशाची पारपत्रे आणि व्हिसाची चिकटपत्रे छापली जातात, आणि त्याच परिसरातील चलार्थ पत्र मुद्रणालयात १९२८ सालापासून नोटा छापल्या जात आहेत. व्हिसा आणि रुपया ही दोन्ही आपल्या गावची निर्मिती. त्यांच्यामधली गळती तेवढी गावाबाहेर होते.

प्रथम शुल्काचे स्वरूप पाहू. परदेशी नागरिकाला भारतात येण्यासाठी सामान्यतः दोन मार्ग असतात. एक, आपल्या देशातील भारतीय दूतावासाकडे अथवा त्याने नेमलेल्या केंद्राकडे कागदी अर्ज करणे. येथे शुल्क बहुधा त्या देशाच्या चलनात घेतले जाते. जर्मनीतील अर्जदार युरोमध्ये भरतो, इंग्लंडमधील पौंडांत. दूतावासाने आपल्या दराने रूपांतर आधीच केलेले असल्यामुळे अर्जदाराच्या बँकेला मध्ये हात घालायला जागा उरत नाही. दुसरा मार्ग ई-व्हिसाचा. २७ नोव्हेंबर २०१४ रोजी ४३ देशांच्या नागरिकांसाठी ही सोय प्रथम पर्यटनापुरती सुरू झाली आणि नंतर तिच्यात व्यवसाय, वैद्यकीय उपचार अशा वर्गांची भर पडली. ई-व्हिसाचे शुल्क अमेरिकी डॉलरमध्ये ठरलेले असते. ते अर्जदाराच्या राष्ट्रीयत्वानुसार आणि व्हिसाच्या वर्गानुसार बदलते. काही देशांच्या नागरिकांना तर ते शून्य आहे. त्या शुल्कावर बँकेचा व्यवहार आकार म्हणून अडीच-तीन टक्के वेगळे द्यावे लागतात. एकदा भरलेले शुल्क परत मिळत नाही, कारण ते अर्जाच्या छाननीचे शुल्क असते, व्हिसा मिळण्याचे नव्हे. अर्ज नाकारला गेला तरी पैसे गेले ते गेलेच.

आता गळतीची स्थाने. सर्वांत मोठे स्थान विनिमयदराचे नाहीच. ते आहे नकली संकेतस्थळांचे. शासनाच्या संकेतस्थळासारखेच रंगरूप, अशोकस्तंभासारखे चिन्ह, तशीच प्रश्नावली, आणि शुल्क मात्र दुप्पट-तिप्पट. जर्मनीतील एक निवृत्त शिक्षिका आमवातासाठी माझ्याकडे येणार होत्या. त्यांनी अशाच एका स्थळावर पैसे भरले. अर्ज पुढे खरोखरच दाखल झाला, व्हिसाही मिळाला, म्हणून त्यांची तक्रारही नव्हती; फक्त शासनाचे शुल्क किती आणि मध्यस्थाचे किती हे त्यांना नाशिकला आल्यावर माझ्याकडून कळले, तेव्हा त्या बराच वेळ गप्प बसल्या. हे टाळण्याची खूण सोपी आहे. शासनाच्या खऱ्या स्थळाचे नाव ‘इंडियनव्हिसाऑनलाइन’ असे असून पत्त्याचा शेवट ‘जीओव्ही डॉट इन’ असा होतो. रुग्णाला पाठवण्याच्या पहिल्या पत्रातच हा पत्ता अक्षर न् अक्षर लिहून द्यावा. शोधयंत्रावर शोधायला सांगू नये, कारण तेथे जाहिरात देणाराच अनेकदा सर्वांत वर दिसतो.

दुसरे स्थान ‘आपल्याच चलनात भरा’ या गोड निमंत्रणाचे. संगणकावर शुल्क भरताना, विशेषतः पेपालसारखी मध्यस्थ देयकसेवा वापरली असता, पडद्यावर विचारणा होते : रक्कम डॉलरमध्ये द्यायची की तुमच्या चलनात? युरोत मोजणाऱ्या माणसाला युरोचा आकडा ओळखीचा वाटतो आणि तो त्यावर बोट ठेवतो. त्या क्षणी रूपांतराचा दर ठरवण्याचा अधिकार त्याने आपल्या बँकेकडून काढून समोरच्या मध्यस्थाला दिलेला असतो. बँकेचा दर व्हिसा वा मास्टरकार्ड या जाळ्यांच्या घाऊक दराच्या जवळ असतो. मध्यस्थ मात्र त्यावर चार-पाच टक्के, कधी अधिकही चढवतो. युरोपीय संघाने या प्रकाराची इतकी दखल घेतली की, २०१९ च्या एका नियमाने, एप्रिल २०२० पासून युरोपातील रोकडयंत्रांवर आणि दुकानांतील कार्डयंत्रांवर ही वाढ युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या दराच्या तुलनेत टक्क्यांमध्ये दाखवणे बंधनकारक झाले. युरोपाबाहेर हा दाखला सहसा मिळत नाही. म्हणून रुग्णाला एवढेच कळवावे : ज्या चलनात शुल्क ठरले आहे त्याच चलनात भरा, येथे डॉलर, रूपांतराचे काम आपल्या बँकेवर सोपवा.

तिसरे स्थान खुद्द त्या बँकेचे. परदेशी व्यवहारावर अनेक बँका तीन टक्क्यांपर्यंत आकार लावतात, तर काही कार्डांवर हा आकार मुळीच नसतो. येथे अमेरिकी रुग्णांची एक फसगत होते. त्यांना वाटते, शुल्क डॉलरमध्ये, आपले कार्ड डॉलरचे, मग आकार कशाचा? परंतु पैसे घेणारा भारतात असल्यास रूपांतर झाले नसतानाही काही अमेरिकी बँका तो व्यवहार परदेशीच मानतात आणि आकार लावतात. तेव्हा ‘परदेशी व्यवहारावर आकार नसलेले कार्ड वापरा’ ही सूचना अमेरिकी रुग्णालाही तितकीच लागू आहे. ज्यांच्याकडे वाइज किंवा रिव्होल्यूट यांसारख्या सेवांचे बहुचलनी खाते आहे त्यांनी आधी डॉलर घेऊन ठेवावेत आणि तेच खर्च करावेत. मात्र शनिवार-रविवारी चलनबाजार बंद असतो आणि काही सेवा त्या दिवशी दरावर अधिक भर घालतात. आठवड्याच्या मध्यावर व्यवहार केलेला बरा.

यानंतरचा मुद्दा आपल्या हातातला आहे आणि त्यावर थोडे थांबणे आवश्यक वाटते. रुग्ण वृद्ध असतो, संगणकाची सवय नसते, म्हणून तो म्हणतो, ‘वैद्यराज, तुम्हीच भरा, मी पैसे पाठवतो.’ आपल्या आतिथ्याच्या संस्कारांना हे नाकारणे जड जाते. परंतु या मार्गाने पैशाचे रूपांतर दोनदा होते, आणि दोन्ही वेळा तोट्याच्या बाजूने. हिशेब सोपा व्हावा म्हणून समजा, बाजारात एक डॉलर ९० रुपयांना आहे, शुल्क १०० डॉलर आणि त्यावर तीन टक्के आकार, म्हणजे १०३ डॉलर. आपण आपल्या भारतीय क्रेडिट कार्डाने हे भरले तर मूळ रक्कम ९,२७० रुपये होते. त्यावर आपली बँक परकीय चलनाचा अधिभार लावते, तो अनेक कार्डांवर साडेतीन टक्के असतो, म्हणजे ३२४ रुपये. आणि त्या अधिभारावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५८ रुपये. एकूण ९,६५३ रुपये.

आता हे रुपये भरून निघावेत म्हणून रुग्ण आपल्याला डॉलर पाठवणार. आपली बँक ते विकत घेताना बाजारदराने घेत नाही, तिचा खरेदीचा दर वेगळा असतो. तो ८९ रुपये धरू. शिवाय चलन बदलून देण्याच्या सेवेवरही जीएसटी आहे आणि लहान रकमेवर तो किमान ४५ रुपये पडतो. म्हणजे ९,६९८ रुपये हाती येण्यासाठी रुग्णाला सुमारे १०९ डॉलर पाठवावे लागतील. त्याच्या बँकेने तारेने पैसे पाठवण्याचे समजा ३० डॉलर घेतले, तर १०३ डॉलरच्या कामाला १३९ डॉलर लागले. मध्येच एखाद्या तिसऱ्या बँकेने आपला हिस्सा कापून घेतला, तर आपल्या खात्यात ठरल्यापेक्षा कमी जमा होते आणि उरलेले मागायचे कसे हा आणखी एक संकोच. तेच शुल्क रुग्णाने स्वतः, तीन टक्के आकाराच्या साध्या कार्डाने भरले असते, तर १०६ डॉलर लागले असते. आकार नसलेल्या कार्डाने १०३. ज्याला संगणकाची सवय नाही त्याच्या मुलाने, पुतण्याने, शेजाऱ्याने तेथूनच, आपल्या कार्डाने भरावे. कार्ड अर्जदाराच्याच नावाचे असावे लागत नाही.

काही केंद्रांत शुल्क आपण भरायचे आणि रुग्ण आल्यावर त्याच्याकडून डॉलरच्या नोटा घ्यायच्या असा प्रघात आहे. येथे कायद्याची मर्यादा लक्षात ठेवावी. भारतभेटीवर आलेल्या अनिवासी व्यक्तीकडून सेवेबद्दल अथवा कायदेशीर देणे म्हणून मिळालेल्या परकीय नोटा जवळ ठेवण्याची निवासी भारतीयाला मुभा आहे, पण ती एकूण २,००० डॉलरच्या मर्यादेपर्यंत. त्या नोटा रुपयांत बदलून घ्यायच्या तर बँक किंवा रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेला विनिमयदार यांच्याकडेच. आणि आपण रुग्णाला रुपये देऊन त्याच्या नोटा घेणे, म्हणजे स्वतःच चलन बदलून देणे, हे आपले काम नव्हे. औषधी दुकानांच्या गल्ल्यावर असे व्यवहार सद्भावनेने होताना मी पाहिले आहेत. सद्भावना ही परवान्याला पर्याय होत नाही.

व्हिसाच्या शुल्कात सर्वांत वाईट विनिमयदर कोणता, असे कुणी विचारले तर मी म्हणेन, एकाच कामासाठी दोनदा भरलेले शुल्क. शंभर टक्के तोटा. आणि त्याला पुष्कळदा कारणीभूत असते ते आपले पत्र. उपचारासाठी येणारा रुग्ण स्वस्त पडतो म्हणून पर्यटक व्हिसा घेऊन येतो, आणि येथे आल्यावर तो वैद्यकीय व्हिसात बदलून मिळत नाही, कारण ई-व्हिसाचा वर्ग बदलता येत नाही. वैद्यकीय ई-व्हिसासाठी भारतातील रुग्णालयाचे, त्याच्या शीर्षकागदावरचे पत्र अर्जासोबत जोडावे लागते. हा व्हिसा ६० दिवसांचा आणि तीनदा प्रवेश देणारा असतो. सोबतच्या दोन परिचारक नातेवाइकांसाठी वेगळा वर्ग आहे. आपल्या शास्त्राच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट म्हणजे, २० एप्रिल २०२२ रोजी गांधीनगरच्या जागतिक आयुष परिषदेत पंतप्रधानांनी घोषित केलेला आयुष व्हिसा २०२३ मध्ये गृहमंत्रालयाने स्वतंत्र वर्ग म्हणून अमलात आणला, आणि ई-व्हिसातही हा वर्ग आता उपलब्ध आहे. कोणत्या वर्गात अर्ज करावा हे रुग्णाला आपण पैसे भरण्यापूर्वी सांगितले पाहिजे. पत्रात रुग्णाचे नाव पासपोर्टवर आहे तसेच, त्याच क्रमाने असावे. आपण ‘ताई’, ‘जी’ अशी आदरार्थी पुस्ती जोडतो, ती घरगुती पत्रात शोभते. उपचाराचे स्वरूप आणि दिवस स्पष्ट लिहावेत. पूर्वकर्म, प्रधानकर्म, पश्चात्कर्म यांचा एकत्रित कालावधी न देता केवळ ‘पंचकर्म, सात दिवस’ असे लिहिले आणि रुग्णाने अर्जात ४५ दिवस मागितले, तर छाननी करणाऱ्या अधिकाऱ्याने कोणते खरे मानावे?

पैसे भरताना मध्येच वीज जाते, जोडणी तुटते. अशा वेळी घाईने पुन्हा भरू नये. अर्जाच्या क्रमांकावरून देयकाची स्थिती पाहता येते आणि ती अद्ययावत व्हायला काही तास लागू शकतात. तीन प्रयत्न निष्फळ झाले की तो अर्जक्रमांक बंद होतो आणि सारे पुन्हा भरावे लागते. दोनदा गेलेली रक्कम पुढे परत मिळाली तरी ती त्या दिवसाच्या दराने आपल्या चलनात बदलून येते. जाताना एक दर, येताना दुसरा, आणि दोन्हींत रुग्ण थोडा-थोडा झिजतो.

औषधनिर्माते आणि दुकानदार बंधूंना येथवरचे विवेचन वैद्यांपुरते वाटले असेल, तर त्यांनी आपल्या गल्ल्यावरचे कार्डयंत्र पाहावे. परदेशी कार्ड घातल्यावर काही यंत्रेही तोच प्रश्न विचारतात : रुपये की ग्राहकाचे चलन? यंत्र देणाऱ्या काही बँका या वाढीव दरातला वाटा दुकानदाराला देऊ करतात, त्यामुळे मोह नाही असे नाही. व्हिसाच्या शुल्कावर पाच टक्के म्हणजे चार-पाच युरो, ते रुग्ण विसरून जाईल. परंतु चिकित्सा, निवास, सोबत नेण्याची औषधे असे दोन हजार युरोचे देयक झाले तर पाच टक्के म्हणजे शंभर युरो होतात, आणि ते घरी गेल्यावर बँकेच्या विवरणपत्रात दिसतात. गल्ल्यावरच्या मुलाला एकदाच सांगून ठेवावे, की ग्राहकाला विचारल्याशिवाय चलन निवडायचे नाही, आणि विचारले तर ‘रुपयांत स्वस्त पडेल’ हे सांगायचे.

उलट दिशेनेही प्रवास होतो. व्याख्यानासाठी, प्रदर्शनासाठी किंवा मुलांकडे जाण्यासाठी आपण परदेशी व्हिसाचे शुल्क भरतो, तेव्हा दर ठरवणारा दुसरा असतो. शेंगेन व्हिसाचे प्रौढांचे शुल्क ११ जून २०२४ पासून ९० युरो झाले. ते भारतात रुपयांत घेतले जाते, आणि संघाच्या व्हिसा संहितेप्रमाणे ही रुपयांतील रक्कम युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या संदर्भदरावरून ठरवून वेळोवेळी तपासावी लागते. पूर्णांक करण्यासाठी ती वर नेण्याची मुभा आहे. म्हणजे येथे आपल्या कार्डावर परकीय चलनाचा अधिभार लागण्याचे कारण नाही. लागला असेल तर कुणीतरी मध्यस्थ परदेशातून पैसे उचलतो आहे असे समजावे आणि पावती तपासावी. अमेरिकेच्या पर्यटन व व्यवसाय व्हिसाचे अर्जशुल्क १७ जून २०२३ रोजी १६० वरून १८५ डॉलर झाले. तेही रुपयांत भरायचे असते, परंतु वकिलातीच्या स्वतःच्या विनिमयदराने. हा दर बाजाराबरोबर रोज हलत नाही. कित्येक दिवस स्थिर राहतो आणि मग एकदम बदलतो. रुपया घसरत असताना वकिलातीचा दर जुनाच असेल, तर त्या मधल्या दिवसांत भरणारा लाभात राहतो. भरल्याची पावती मुलाखतीची वेळ ठरवण्यासाठी ३६५ दिवस उपयोगी पडते, म्हणून जाणे निश्चित असल्यास शुल्क आधी भरून ठेवायला हरकत नाही. जाणे अनिश्चित असेल तर भरू नये. हेही शुल्क परत मिळत नाही.

यंत्रणा मोठ्या आहेत आणि त्यांचे दर आपल्या हाती नाहीत. रुग्णाला पाठवायच्या पत्राबरोबर अर्ध्या पानाची एक चिठ्ठी मात्र प्रत्येक केंद्राने छापून ठेवावी. तिच्यात शासकीय स्थळाचा पूर्ण पत्ता, व्हिसाचा योग्य वर्ग, ‘डॉलरमध्येच भरा, आपल्या चलनात नको’ ही सूचना, आकार नसलेले कार्ड वापरण्याचा सल्ला आणि शुल्क परत मिळत नसल्याची स्पष्ट कल्पना, इतके असले की पुरे. माझ्या चिकित्सालयातील चिठ्ठी इंग्रजी आणि जर्मन अशा दोन भाषांत आहे. रशियन भाषेतला मजकूर कुणा वैद्यबंधूकडे तयार असल्यास त्याने तो अवश्य पाठवावा. त्या भाषेतील रुग्णांची पत्रे हल्ली दोन-तीन ठिकाणांहून आली आहेत आणि त्यांना इंग्रजीतील सूचना नीट उमगत नाहीत.